खिडकीतून हेदवी : निसर्गदृश्य, अंतर आणि ओळख

मुंबईहून गोव्याकडे जाणारे पहाटेचे विमान किनाऱ्याच्या थोडे बाहेरून, समुद्रावरून उडत असेल आणि हवा स्वच्छ असेल, तर डाव्या हाताच्या खिडकीजवळ बसलेल्या प्रवाशाला उड्डाणानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन खाड्यांमधला एक भूभाग दिसतो. उत्तरेची खाडी वाशिष्ठीची, म्हणजे दाभोळची. दक्षिणेची शास्त्रीची, म्हणजे जयगडची. दोहोंमधले सरळ अंतर तीस-बत्तीस किलोमीटर भरेल. जमिनीवर वळणावळणाच्या रस्त्याने, एक सडा चढत नि दुसरा उतरत, एवढ्या मजलेला दीड-दोन तास सहज जातात. विमानाला अडीच मिनिटे पुरतात. या अडीच मिनिटांत आधी गुहागरची लांब, सरळ पुळण येते, मग किनारा तुटक होतो, वेळणेश्वरची अर्धचंद्राकृती चौपाटी येते आणि तिच्या पुढच्याच वळणात हेदवी. वरून पाहता हेदवी म्हणजे लालसर-तपकिरी सड्याची एक कड, तिच्या पायथ्याशी माडापोफळींची गडद पट्टी, मग फेसाची पांढरी रेघ आणि मग पाणी. दशभुजा गणेशाचे देऊळ झाडीत कोठेतरी असते. माणूस दिसत नाही.

पहाटेच्या वेळी या दृश्याला आणखी एक परिमाण लाभते. दहा किलोमीटर उंचीवरून क्षितिज साडेतीनशे किलोमीटरांपलीकडे सरकलेले असते आणि त्याच हिशेबाने सूर्यही जमिनीवरच्या माणसापेक्षा बारा-तेरा मिनिटे आधी उगवतो. सह्याद्रीची धार उजळते, तिच्यामागचे देशावरचे पठार सोनेरी होते, आणि कोकणपट्टी तेवढी निळसर सावलीत राहते. खोऱ्याखोऱ्यांत धुके साचलेले दिसते. हेदवीच्या खळ्यात उभ्या असलेल्या माणसाला पूर्वेचा डोंगर ओलांडून सूर्य दिसायला अजून बराच अवकाश असतो. खिडकीजवळचा प्रवासी त्याच्या दिवसाचा आरंभ त्याच्याआधी पाहून पुढे गेलेला असतो.

दृश्य सुंदर असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ते नाकारून एखादी नैतिक भूमिका उभी राहते असे मानणे हा भाबडेपणा होईल. (अर्थात हे सौंदर्य हंगामी आहे. जून ते सप्टेंबर ढगांचे आच्छादन असे गच्च असते की कोकण ज्या दिवसांत सर्वांत अधिक कोकण असते, नेमक्या त्याच दिवसांत ते विमानातून बहुधा दिसत नाही.) प्रश्न निराळा आहे. ज्या भूमीवर माणसे राहतात, राबतात, भांडतात, ती भूमी निव्वळ दृश्य म्हणून आस्वादणे ही क्रिया नैतिक दृष्ट्या निष्पाप आहे काय? आणि त्या भूमीचे नाव पाहणाऱ्याला ठाऊक असेल, किंबहुना ते त्याचेच गाव असेल, तर उत्तरात काही फरक पडतो काय?

सौंदर्यशास्त्राच्या प्रस्थापित परंपरेकडे यांतील पहिल्या प्रश्नाचे तयार उत्तर आहे. कांटने १७९० च्या ग्रंथात सौंदर्यविधानाचे पहिले लक्षण म्हणून निर्हेतुकता सांगितली, तेव्हा उदाहरण राजवाड्याचे घेतले. समोरचा राजवाडा सुंदर आहे काय असे विचारल्यावर कोणी रूसोच्या थाटात म्हणेल, की असल्या अनावश्यक गोष्टींवर बडे लोक जनतेचा घाम उधळतात. कांटचे म्हणणे असे की हे सगळे मान्य करता येईल, परंतु विचारलेला प्रश्न तो नव्हे. घामाचा प्रश्न खोटा ठरवलेला नाही. तो फक्त दाराबाहेर उभा केला आहे. मराठीत रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशा दोन ध्रुवांची जी मांडणी केली, तिच्या परिभाषेत बोलायचे तर कांटचे हे उत्तर अलौकिकतावादी ध्रुवाच्या अगदी टोकाशी उभे आहे. पाटणकरांच्या मांडणीचे मोल असे की तीत दुसरा ध्रुव कायम जागा राहतो. एका ध्रुवाने दुसऱ्याला गिळून टाकलेले नाही.

एडवर्ड बुलोने १९१२ मध्ये ‘मानसिक अंतरा’ची कल्पना मांडताना धुक्यात सापडलेल्या जहाजावरच्या प्रवाशाचे उदाहरण दिले. हे उदाहरण येथे अधिक उपयोगी पडते, कारण त्याचाही नायक प्रवासीच आहे. धुक्यात धोका आहे, उशीर आहे, चिंता आहे. परंतु या साऱ्यांतून मन क्षणभर सोडवून घेतले तर तेच धुके विलक्षण सुंदर भासू लागते. आता बुलोचा प्रवासी आणि विमानातला प्रवासी यांची तुलना करून पाहावी. बुलोच्या प्रवाशाला अंतर कमवावे लागते, कारण तो स्वतः धुक्यात आहे. जहाज आपटले तर तोही बुडणार आहे. विमानातल्या प्रवाशाला अंतर तिकिटाबरोबर मिळते, आणि अलीकडे तर खिडकीजवळच्या आसनासाठी अनेकदा वेगळे पैसे मोजले की ते हमखास मिळते. तो त्या दृश्यात नाहीच. हेदवीला काहीही झाले तरी त्याच्या प्रवासात फरक पडत नाही. शिवाय अंतर शक्य तितके कमी व्हावे, मात्र पुरते नाहीसे होऊ नये, यात बुलो आस्वादाची परिसीमा पाहत होता. विमानात हे समीकरण उलटे होते. मनाने साधायचे ते अंतर भौतिक उंची परस्पर पुरवते, आणि ते कमी करण्याची कोणतीही सोय नसते. अलिप्तता ही वृत्ती न राहता ती आसनव्यवस्था होते.

भारतीय काव्यशास्त्रातून पाहिले तर प्रश्न अधिक धारदार होतो. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली. त्यांतील एक म्हणजे समोरच्या गोष्टीला ‘हे माझे’, ‘हे दुसऱ्याचे’ अशा निर्बंधाने विशिष्ट स्थळाकाळाशी जखडून टाकणे. दुसरे, आपल्याच सुखदुःखाने परवश होणे. ही विघ्ने दूर होतात तेव्हा साधारणीकरण घडते. या कसोटीवर खिडकीजवळचा अनोळखी प्रवासी आदर्श सहृदय ठरावा. त्याला हेदवी हे नाव ठाऊक नाही. दिसणारा किनारा कोणाचा, कोणत्या तालुक्यातला, याची त्याला फिकीर नाही. त्याच्यापुढे देशकालविशेष उरलेलाच नाही, केवळ किनारा आहे. उलट मूळ हेदवीचा असलेला प्रवासी या शास्त्राप्रमाणे बाद ठरतो.

या दुसऱ्या प्रवाशाकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. तो नेहमीच्या अर्थाने चाकरमानी नाही. चाकरमान्याची वाट ठरलेली आहे; पूर्वी बोट, मग लाल गाडी, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे मुंबईपासून दक्षिणेपर्यंत सलग सुरू झाल्यावर चिपळूणपर्यंत गाडीने आणि पुढे पुन्हा रस्त्याने. गणपतीला आणि शिमग्याला तो याच वाटांनी उतरतो. विमान हेदवीला जात नाही. ते हेदवीवरून जाते. तेव्हा हा प्रवासी गोव्याला एखाद्या कामासाठी निघालेला, गावाशी नाते पातळ झालेला, तरी पुरते न तुटलेला असा कोणी आहे. घर त्याला वरून दिसत नाही. गाव ओळखण्यासाठी तो खाड्या मोजतो. ही दाभोळ, तेथे अंजनवेलच्या पठारावर वीजप्रकल्पाचे आखीव चौकोन, हे गुहागर, हे वेळणेश्वर असावे, म्हणजे पुढचे हेदवी. ही ओळख चेहरा ओळखण्यासारखी नाही, ती अनुमानाने लागते; ओळीत पुढे कोणता शब्द येणार हे ठाऊक असलेल्या वाचकासारखा तो किनारा वाचतो. आणि नाव सापडताच चित्र मोडते. क्षणापूर्वी जो रंगांचा मेळ होता त्याच्या जागी आता वडिलोपार्जित आगर आहे, सातबाऱ्यावरची न मिटलेली वाटणी आहे, दार लावून ठेवलेले घर आहे, ज्याला कित्येक दिवसांत दूरध्वनी केला नाही असा कोणी काका आहे. शास्त्रदृष्ट्या हे विघ्न होय.

पण हे विघ्न कशाला? येथे एक मूलभूत भेद ध्यानात घेतला पाहिजे, जो निसर्गदृश्याच्या चर्चेत बहुधा निसटतो. अभिनवगुप्ताचा विचार नाट्याविषयी आहे. रंगभूमीवरच्या दुष्यंताला प्रेक्षकाकडून काही नको असते, प्रेक्षक त्याला काही देऊही शकत नाही. त्याच्या दुःखाशी स्वतःचे दुःख जोडून जो रडतो तो त्याचे काही भले करत नाही, फक्त नाट्य बिघडवतो. तेथे अलिप्त राहण्याने कोणाचेही नुकसान होत नाही, कारण तेथे ‘कोणी’ नाहीच. हेदवी रंगभूमीवर नाही. विमान वरून जात असते त्याच क्षणी तेथे कोणी चूल पेटवत आहे, कोणी जाळे आवरत आहे, कोणी आजारी आहे. नाट्यप्रेक्षकासाठी घडवलेली अलिप्ततेची उपपत्ती जशीच्या तशी उचलून वसलेल्या भूमीला लावली, की त्या भूमीवरची माणसे नकळत पात्रे होतात, आणि मग पात्रेही राहत नाहीत; त्यांची ‘वस्ती’ होते, म्हणजे हिरव्या पट्टीतले तांबूस ठिपके. कांटच्या राजवाड्याला जे लागू पडते ते येथे दुपटीने लागू पडते. घामाचा प्रश्न तेथे निदान कोणी तरी विचारला होता. दहा किलोमीटरांवरून तो सुचतच नाही.

याचा अर्थ उंचीवरून पाहणेच सदोष असा होत नाही. तसे मानणाऱ्याने कालिदास पुन्हा वाचावा. माणूस आकाशात उडण्याच्या कितीतरी शतके आधी या कवीने तीन वेळा, तीन निरनिराळ्या रीतींनी भूमी वरून पाहिली आहे, आणि तिन्ही ठिकाणी त्या पाहण्याला काही बंधन घातले आहे.

‘मेघदूता’त वरून जाणारा मेघ रिकाम्या हाताने जात नाही. त्याने आम्रकूटावरचा वणवा विझवायचा आहे, फुले खुडून दमलेल्या स्त्रियांच्या चेहऱ्यांवर घटकाभर सावली धरायची आहे, नांगरलेल्या शेतावर पाणी द्यायचे आहे. खालून त्याच्याकडे पाहणारेही आहेत. शेतकऱ्यांच्या स्त्रिया त्याच्याकडे मान वर करून पाहतात, कारण पीक त्याच्या हाती आहे. म्हणजे येथे दृष्टी एकमार्गी नाही, आणि वरून जाणाऱ्यावर खालच्यांचे ऋण आहे. विमानाकडे हेदवीतून कोणी पाहत असेल तर त्याला एक पांढरी रेघ दिसेल. तिच्याकडून कोणी काही अपेक्षित नाही.

‘रघुवंशा’च्या तेराव्या सर्गात पुष्पकातून परतणारा राम सीतेला समुद्रापासून एकेक स्थळ दाखवत जातो. सर्गाच्या वर्णनसौंदर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या रचनेतली एक गोष्ट मात्र नैतिक दृष्ट्या फार महत्त्वाची आहे. खाली जे सरकते आहे ते सारे आधी पायांनी तुडवलेले आहे. जनस्थान, पंपा, गोदावरी, चित्रकूट ही स्थळे रामाला सुंदर दिसतात, पण त्यांतल्या एका ठिकाणी गळून पडलेले नूपुर सापडले होते, दुसरीकडे विरहात पावसाळा काढला होता. उंचीने येथे दुःख पुसलेले नाही. ते सांगता येण्याजोगे झाले आहे. शिवाय राम केवळ पाहत नाही, तो दाखवतो. दाखवणे ही दोघांमधली क्रिया आहे, आणि ज्याने भोगले त्यालाच ती नीट साधते. हेदवीचा प्रवासी शेजारच्याला ‘ते आमचे गाव’ म्हणतो तेव्हा, कितीही क्षीण रूपात का होईना, तो याच परंपरेत असतो. शेजारी ‘कोठे?’ म्हणेपर्यंत जयगडची खाडी आलेली असते, ही गोष्ट वेगळी.

तिसरे स्थळ ‘शाकुंतला’च्या सातव्या अंकाचा आरंभ. इंद्राच्या रथातून दुष्यंत मातलीसह खाली उतरतो आहे. पर्वतशिखरांवरून जमीन घसरत गेल्यासारखी दिसते, पानांत बुडालेल्या झाडांचे बुंधे हळूहळू उघडे पडतात, दिसेनाशा झालेल्या नद्या पुन्हा रेषा धरतात. अवरोहणाचे इतके नेमके वर्णन उडण्याचा अनुभव नसलेल्या कवीने करावे याचे नवल नेहमी व्यक्त होते. परंतु हा राजा कोण आहे? समोर उभ्या असलेल्या स्त्रीला ओळखण्यास ज्याने नकार दिला, तो. त्याची ओळख पटण्याचा प्रसंग पुढे मारीचाच्या आश्रमात, जमिनीवर, सिंहाच्या छाव्याशी खेळणाऱ्या मुलापाशी घडायचा आहे. अवरोहण हे अभिज्ञानाचे पूर्वरंग आहे. तपशील जसजसे उघडे पडतात तसतसा न ओळखणारा डोळा ओळखण्याच्या लायकीचा होत जातो. पहाटेच्या विमानातही उतरण्याचा भाग आहेच. पण विमान दाबोळीला किंवा २०२३ पासून मोपालाही उतरते, आणि ज्या झाडांचे बुंधे उघडे पडतात ती दुसऱ्याच कोणाची असतात.

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. वरून पाहणारा अलिप्त आणि खाली चालणारा जाणता, ही विभागणी सोयीची आहे. पण ती खरी आहे काय? मिशेल द सेर्तोने १९८० च्या ग्रंथात न्यूयॉर्कच्या उत्तुंग इमारतीवरून दिसणारे शहर आणि रस्त्यातून चालणाऱ्यांनी पावलांनी रचलेले शहर असा भेद केला, तेव्हा त्याची सहानुभूती उघडच चालणाऱ्यांकडे होती. परंतु कोकणातल्या गावात चालणे ही कधीच सर्वांना सारखी मोकळी असलेली क्रिया नव्हती. कोणत्या वाडीतला माणूस कोणत्या पाणंदीने कोठवर जाऊ शकतो, कोणत्या विहिरीपाशी थांबू शकतो, हे पावलांनी ठरवलेले नव्हते. ज्याच्या आजोबांना देवळाच्या पायरीपलीकडे जाता येत नव्हते, त्याला त्या देवळाभोवतीच्या माडांचा आणि समुद्राच्या गाजेचा जिव्हाळा शिकवणे हा एक प्रकारचा अपराधच होय. हेदवीच्या आधी काही मिनिटे विमान ज्या भागाशेजारून गेलेले असते त्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे डॉ. आंबेडकरांचे मूळ गाव. भारतीय खेडे म्हणजे संकुचिततेचे आणि अज्ञानाचे आगर असल्याचे त्यांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत स्पष्टपणे सांगितले होते. त्या विधानाच्या प्रकाशात खिडकीजवळच्या आसनाचा अर्थ बदलतो. गाव एका अंगठ्याखाली झाकता येण्याएवढे लहान झालेले पाहणे, त्याच्यावरून न थांबता पुढे जाणे, ही कोणासाठी तरी मुक्ती असू शकते. अलिप्तता येथे चैन राहत नाही, तो मिळवलेला हक्क असतो. अंतर कोणी कमावले आणि कोणाला ते फुकट मिळाले, हा बुलोच्या चर्चेतून निघणारा भेद येथे अधिक खोल जातो.

हे मान्य केले तर ओळखीची बाजूही तपासून घ्यावी लागते. ‘आमचे गाव’ या शब्दांतला ‘आम्ही’ कोण? उंचीवरून वाड्यांमधली अंतरे स्पष्ट दिसतात. सड्याच्या कडेला सुटी पडलेली दहा-बारा घरे कोणाची, हे गावातला माणूस न सांगता जाणतो आणि बहुधा सांगत नाही. वरून तीच घरे चित्राला तोल देतात. तेव्हा वरून पाहणारा जाणत नाही आणि खालचा बोलत नाही, अशी ही दुहेरी कोंडी आहे. मराठी कादंबरीने कोकण खालूनच पाहिले. श्री. ना. पेंडशांच्या ‘गारंबीच्या बापू’त (१९५२) भूमी देखावा म्हणून क्वचितच येते, ती माणसांच्या वैराची, वासनेची आणि व्यवहाराची जागा म्हणून येते. हे त्या लेखनाचे बळ आहे. पण खालून पाहिल्याने सगळे दिसते असा दावा त्याच्या जोरावर करता येणार नाही.

मग वरून पाहण्यातला दोष नेमका कोठे? तो सुंदर वाटण्यात नाही. तो रिकामे वाटण्यात आहे. ‘सुंदर आहे’ आणि ‘रिकामे आहे’ ही दोन विधाने एकाच उंचीवरून केली जातात, आणि पहिले करणारा प्रवासी निरुपद्रवी असला तरी दुसरे करणाऱ्याच्या हाती सत्ता असू शकते. कोकणच्या सड्यांइतके याचे चांगले उदाहरण नाही. आठ महिने ते काळे-तांबडे, उजाड खडक दिसतात. उपग्रहचित्रांवरून देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह २००० मध्ये तयार झाला. असल्या नकाशांत उघड्या कातळाला जी जागा मिळते ती नापीक जमिनीच्या रकान्यात. प्रत्यक्षात पहिल्या पावसानंतर त्याच कातळावर बोटभर मातीत आणि उथळ डबक्यांत अशा वनस्पती उगवतात ज्या अन्यत्र सापडत नाहीत. गुरे तेथे चरतात, सड्यात मुरलेले पाणी खालच्या विहिरींना पुरते, गवत कापले जाते. रिकाम्या दिसणाऱ्या जमिनीवर प्रकल्प आखणे सोपे असते. अंजनवेलच्या पठारावर एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प १९९० च्या दशकात आला, त्याभोवती आंदोलने झाली, २००१ मध्ये तो बंद पडला आणि पुढे २००५ मध्ये नव्या कंपनीकडे गेला. खिडकीतून मात्र आज आखीव चौकोन तेवढे दिसतात, आणि तेही, खरे सांगायचे तर, चित्राला शोभतात.

पश्चिम घाटाविषयीच्या दोन अहवालांतला भेद याच प्रश्नाशी येऊन भिडतो. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०११ मध्ये संवेदनशील क्षेत्रांचा निर्णय ग्रामसभांपर्यंत नेण्याचा आग्रह धरला. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांचा खास विचार तिच्या कक्षेत होता. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने २०१३ मध्ये मुख्यतः उपग्रहचित्रांच्या आधारे घाटाची ‘नैसर्गिक’ आणि ‘सांस्कृतिक’ भूदृश्ये अशी वाटणी केली. दोहोंच्या शिफारशींचा गुणदोषविचार हा येथला विषय नाही. लक्षात घेण्यासारखे एवढेच, की वरून पाहणाऱ्याला निसर्ग आणि संस्कृती ही दोन रंगांची क्षेत्रे दिसतात. हेदवीच्या आगरात पोफळ शिंपणाऱ्याला त्यांच्यातली सीमा दाखवायला सांगितली, तर त्याने बोट कोठे ठेवावे?

काही गोष्टी तर कोणत्याही रंगात येत नाहीत. हेदवीच्या किनाऱ्यावर उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळात एक अरुंद चीर आहे. तिला बामणघळ म्हणतात. भरतीच्या वेळी लाट तीत घुसते, कोंडते आणि वर उसळते. आधी घुमल्यासारखा आवाज येतो, मग पाणी. ओहोटीला तेथे नुसती भेग असते. ही घळ वरून दिसणे शक्य नाही, आणि दिसली तरी ती बामणघळ नसेल, कारण तिचे असणे वेळेवर, आवाजावर आणि जवळ उभे राहण्यातल्या थोड्याशा भीतीवर अवलंबून आहे. बुलोचे धुके ज्या अर्थाने अनुभवाचा विषय होते त्या अर्थाने ही घळ आहे. पाहणारा येथे भिजू शकतो.

तरीसुद्धा वरचे आणि खालचे यांची कायमची फारकत झाली आहे असा निष्कर्ष घाईचा ठरेल, आणि त्याला आडवे येणारे साक्षीदार याच किनाऱ्यावर आहेत. जयगड ओलांडून विमान दक्षिणेकडे सरकते तसे रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांचे सडे खाली येतात. उक्षी, देवीहसोळ, बारसू, कशेळी अशा गावांच्या कातळांवर प्रागैतिहासिक काळातल्या माणसांनी कोरलेली चित्रे आहेत. २०२२ मध्ये कोकणातल्या या कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत झाला. ज्या जमिनीला ‘पडीक’ म्हटले जात होते तिच्यावर कोणी तरी हजारो वर्षांपूर्वी सही करून ठेवली होती. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे. शेजारी उभे राहिले तर तो एका नजरेत मावत नाही. खोदलेल्या रेषेच्या बाजूने चालत जावे लागते, तेव्हा सोंड कोठे आणि पाय कोठे ते कळते. आज ड्रोनने घेतलेल्या छायाचित्रांत तो अखंड दिसतो. विमानाच्या उंचीवरून मुळीच दिसत नाही.

ज्यांनी तो कोरला त्यांच्याकडे यांपैकी कोणतीच उंची नव्हती. तरी आकृतीचे प्रमाण बिघडलेले नाही. वरून दिसेल असे काही तरी त्यांनी खाली बसून, हातातल्या दगडाने, पावलांनी मापे घेत रेखले. म्हणजे वरची दृष्टी त्यांना ठाऊक होती, पण ती त्यांना कोणी दिलेली नव्हती, ती त्यांनी जमिनीवरून रचली होती. अलिप्ततेच्या कोणत्याही उपपत्तीत हे पाहणे बसत नाही, आणि मुळे शोधणाऱ्याच्या जिव्हाळ्यातही बसत नाही. त्या हत्तीच्या पोटात इतर अनेक आकृत्या कोरलेल्या आहेत. त्या कोरताना माणूस हत्तीच्या आत बसलेला होता.